जुन्या बेकऱ्यांतील गोड पदार्थ : पुणे, मुंबई आणि गोव्यातील भ्रमंतीविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्याचा लष्कर भाग, मुंबईतील धोबीतलाव ते ग्रँट रोड हा पट्टा आणि पणजीची जुनी वस्ती या तीन ठिकाणच्या बेकऱ्यांत मी अनेक वर्षे हिंडत आलो आहे. ओळखीची माणसे सुट्टीच्या दिवसांत तेच ते प्रश्न विचारतात. त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत.

बेकरीत जाण्याची योग्य वेळ कोणती?

आपल्याला हवा असलेला पदार्थ भट्टीतून बाहेर येतो, ती योग्य वेळ. माझ्या मते हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे, कारण नावाजलेल्या बेकरीतला आदल्या दिवशीचा केक आणि गल्लीतल्या साध्या बेकरीतला नुकता निघालेला केक शेजारी ठेवले, तर दुसराच सरस लागतो. ही वेळ ओळखायची असेल, तर आधी भट्टीचा दिवस कसा चालतो ते समजून घ्यावे लागते.

विटांची जुनी भट्टी आत लाकूड जाळून तापवतात, निखारे बाजूला सारतात आणि विटांनी धरून ठेवलेल्या उष्णतेवर पुढचे काम चालते. ताव कडक असतो तेव्हा पाव लावतात, कारण पावाला सुरुवातीलाच जोराची आच लागते. पाव निघाल्यावर ताव उतरू लागतो. मग केकची पाळी येते, त्यानंतर बिस्किटे आणि नानकटाई लागतात, आणि सर्वांत शेवटी उरलेल्या मंद उबेवर टोस्ट वाळत राहतात. म्हणजे पहाटे पावासाठी रांग लावणाऱ्याला ताजा केक मिळेलच असे नाही. तो थोडा उशिरा, सकाळ वर आल्यावर निघतो, आणि अनेक ठिकाणी संध्याकाळच्या चहाच्या आधी दुसरी फेरी होते. गॅसवर किंवा विजेवर चालणाऱ्या भट्टीत ताव हवा तसा राखता येतो, तरीही वर्षानुवर्षांच्या सवयीने पुष्कळ बेकऱ्यांत कामाचा क्रम हाच राहिला आहे.

काउंटरवर गेल्यावर ‘तुमच्याकडे काय प्रसिद्ध आहे?’ असे विचारण्यापेक्षा ‘आत्ता गरम काय आहे?’ असे विचारावे. पहिल्या प्रश्नाला ठरलेले उत्तर मिळते. दुसऱ्या प्रश्नावर माणूस मागे वळून भट्टीकडे पाहतो आणि बऱ्याचदा ‘दहा मिनिटे थांबा’ असे सांगतो. त्या वेळी अवश्य थांबावे.

एका दिवसात किती बेकऱ्या कराव्यात?

तीन. चौथ्या बेकरीत जीभ थकलेली असते आणि लोणी, साखर व वेलची यांतला फरक कळेनासा होतो. दोघे-तिघे मिळून गेल्यास प्रत्येक ठिकाणी एकेक नग घेऊन वाटून खाता येतो. पाव किलोच्या आत बिस्किटे देत नाहीत अशा बेकऱ्याही असतात. तेथे उरलेली बिस्किटे घरी नेण्याची तयारी ठेवावी. चाखताना साध्या पदार्थापासून सुरुवात करावी : आधी नानकटाई किंवा बिस्किट, मग केक आणि क्रीमचा पदार्थ सर्वांत शेवटी. क्रीम आधी खाल्ले, तर त्यानंतरची उत्तम नानकटाईसुद्धा कोरडी वाटते. मध्ये चहा घ्यावा, तो शक्यतो कमी साखरेचा.

पुण्यात सुरुवात कोठून करावी?

लष्कर भागातील ईस्ट स्ट्रीटवरील कयानी बेकरीपासून. इराणी बंधूंनी 1955 मध्ये सुरू केलेली ही बेकरी श्रुसबेरी बिस्किटे आणि मावा केक यांसाठी ओळखली जाते. पुण्याबाहेरच्या माणसाला पुण्याहून काय आणू असे विचारले, तर बाकरवडीच्या जोडीने श्रुसबेरीचेच नाव निघते. येथे दुपारी दुकान बंद ठेवण्याची जुनी पद्धत आहे, त्यामुळे भर दुपारी बाहेरगावाहून येऊन कुलूप पाहण्याची वेळ अनेकांवर येते. सकाळच्या पहिल्या तासात किंवा दुपारनंतर दुकान उघडताना जावे, आणि आठवड्याच्या सुट्टीची चौकशी आधी करावी. रांग लांब दिसली तरी ती वेगाने सरकते, मात्र काय हवे आणि किती हवे हे काउंटरवर पोहोचण्यापूर्वी ठरलेले असले पाहिजे.

श्रुसबेरी बिस्किट गरम खाऊ नये. ‘गरम काय आहे?’ असे विचारण्याचा आग्रह मी वर धरला आहे, पण हे बिस्किट त्याला अपवाद आहे. लोण्याचे बिस्किट भट्टीतून निघते तेव्हा मऊ आणि जरा ओलसर असते. पूर्ण निवल्यावर लोणी पुन्हा घट्ट होते आणि तेव्हाच त्याचा खुसखुशीतपणा व वास खुलून येतो.

श्रुसबेरी हे नाव कोठून आले?

इंग्लंडमधील श्रॉपशर परगण्यात त्या नावाचे गाव आहे आणि तेथील लोण्याची बिस्किटे फार जुन्या काळापासून प्रसिद्ध आहेत. पुण्यात ब्रिटिशांची छावणी होती, त्यामुळे हे नाव लष्कर भागातील बेकरीच्या बरणीपर्यंत पोहोचले यात नवल नाही.

मुंबईतील मावा केक इतर केकपेक्षा वेगळा कशामुळे?

नावाप्रमाणे त्यात मावा असतो, म्हणजे आटवून घट्ट केलेले दूध. मैदा, लोणी, साखर आणि अंडी यांच्या जोडीला मावा घातल्यामुळे केक जड होतो, किंचित रवाळ लागतो आणि आतून ओलसर राहतो. वासाला बहुधा वेलची असते. युरोपातून आलेल्या केकला आपल्याकडच्या मिठाईचा मुख्य घटक मिळाला आणि त्यातून दोहोंपेक्षा निराळा पदार्थ तयार झाला. माझ्या दृष्टीने या शहरातील बेकऱ्यांनी केलेले सर्वांत मोठे काम हेच आहे.

चांगला मावा केक ओळखण्याची माझी रीत अशी आहे. खालचा कागद सावकाश सोलून काढावा. कागदावर तुपकट डाग पडलेला असावा, पण केकचा थर कागदाला चिकटून येऊ नये. वरचा भाग गडद तपकिरी, जवळजवळ खरपूस असावा, आणि तो बोटाने दाबल्यावर हळूच वर यावा. मग केक मधून मोडावा. आत पिवळसर रंग दिसतो आणि पहिल्यांदा वेलचीचा नव्हे तर दुधाचा वास येतो. वेलचीच आधी आली, तर माव्याची कसर वेलचीने भरून काढली आहे असे समजावे.

मुंबईत मावा केकचे नाव ग्रँट रोड स्थानकाजवळ 1914 मध्ये सुरू झालेल्या बी. मर्वान यांच्या इराणी हॉटेलाशी जोडले गेले. सकाळी कामावर जाणारी माणसे तेथे चहाबरोबर केक खात आणि उशिरा येणाऱ्याला रिकामा ट्रे दिसे. धोबीतलावला जेर महाल इमारतीतील, 1904 मध्ये सुरू झालेले कयानी अँड कंपनी हेही मावा केकसाठी ओळखले जाते. नावातील साम्यामुळे ते आणि पुण्याची कयानी बेकरी एकच आहेत असा समज दिसतो, पण या दोन वेगळ्या ठिकाणच्या वेगळ्या संस्था आहेत.

इराणी हॉटेल आणि बेकरी एकच का?

नेहमीच नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्या शतकाच्या आरंभी इराणातील यझद, केरमान या भागांतून आलेल्या जरथुष्ट्री कुटुंबांनी मुंबई-पुण्यात हॉटेले काढली. त्यांपैकी काहींची स्वतःची भट्टी होती, तर काही बाहेरून पाव व केक आणत. चाखण्यासाठी जाताना भट्टी जागेवरच आहे का, हे जरूर विचारावे, कारण वर सांगितलेले वेळेचे गणित जागेवर भाजणाऱ्या ठिकाणीच लागू पडते.

चांगली नानकटाई कशी ओळखावी?

याचे उत्तर मला लहानपणी साताऱ्यात मिळाले. त्या काळी दिवाळीआधी घरोघरच्या बायका मैदा, रवा, पिठीसाखर आणि तूप घेऊन बेकरीत जात आणि भाजणावळ देऊन नानकटाई करून आणत. आई तुपाचा डबा स्वतः धरायची आणि पिठाची पिशवी माझ्या सायकलच्या कॅरिअरला बांधलेली असायची. रात्री नऊनंतर, पाव निघून ताव उतरला की घरगुती माल घेत. बाकावर आठ-दहा बायका, प्रत्येकीच्या डब्यावर नावाची चिठ्ठी आणि कोणाच्या तुपाचा वास चांगला याची चर्चा. बेकरीवाले चाचा परातीत तूप आणि साखर तळहाताने फेसत. मिश्रण पांढरे आणि हलके झाल्याशिवाय ते मैद्याला हात लावत नसत. एकदा पीठ मुठीत दाबून पाहत त्यांनी आईला सांगितले, ‘वहिनी, तूप कमी पडतंय. नानकटाई घशात बसेल.’ आईने उरलेले तूप काही न बोलता परातीत ओतले.

त्यांच्या त्या वाक्यात नानकटाईचे सगळे शास्त्र आहे. तूप मैद्याच्या कणांना वेढते, त्यामुळे पिठात चिकटपणा तयार होत नाही आणि भाजल्यावर नानकटाई दातांखाली न तुटता जिभेवर विरघळते. तूप कमी पडले तर ती कडक होते, आणि जास्त झाले तर भट्टीत पसरून चपटी पडते. म्हणून पाहताना तीन गोष्टी पाहाव्यात : वर चिरा पडलेल्या असाव्यात, बुड बदामी असावे पण वरचा रंग फिकाच राहावा, आणि हातात घेतल्यावर ती आकाराच्या मानाने हलकी वाटावी. खाल्ल्यावर टाळूला मेणचट थर राहिला, तर साजूक तुपाऐवजी वनस्पती तूप वापरले आहे असे समजण्यास हरकत नाही.

नानकटाई या शब्दात फारसीतील ‘नान’ म्हणजे पाव आहे, आणि ‘खताई’चा संबंध चीनच्या जुन्या नावाशी जोडला जातो. तिचा उगम सुरतेत डच व्यापाऱ्यांच्या बेकरीत झाला आणि पुढे ती बेकरी एका पारशी कुटुंबाकडे आली, अशी परंपरेने सांगितली जाणारी हकिकत आहे. घरचे साहित्य देऊन भाजून आणण्याची पद्धत लहान गावांतील काही बेकऱ्यांत अजूनही आहे. दिवाळीच्या आधीच्या पंधरवड्यात चौकशी केल्यास ती अनुभवता येते, आणि माझ्या मते कोणत्याही प्रसिद्ध दुकानाच्या भेटीपेक्षा तिचे मोल अधिक आहे.

क्रीम रोल घ्यावा का?

घ्यावा, पण क्रीम भरण्याआधी रोल केव्हा भाजला हे विचारून घ्यावा. क्रीम रोलचे कवच म्हणजे खारीचेच पीठ असते. लाटलेल्या पिठावर स्निग्ध पदार्थ पसरून घड्या घालतात, पुन्हा लाटतात, पुन्हा घड्या घालतात. त्याच्या पट्ट्या कापून पत्र्याच्या निमुळत्या साच्यावर गुंडाळतात आणि भाजतात. आचेवर पिठातील पाण्याची वाफ होऊन थर एकमेकांपासून सुटतात. हे थर कोरडे असेपर्यंतच मजा असते. क्रीम भरून दिवसभर काचेच्या कपाटात ठेवलेल्या रोलचे कवच आतून सादळते. एका बेकरीत मी असाच सकाळी भरलेला रोल संध्याकाळी घेतला होता. कवच ओल्या पुठ्ठ्यासारखे लागले आणि क्रीम आंबूस झाले होते. तेव्हापासून मागणीनुसार डोळ्यांसमोर क्रीम भरून देणाऱ्या ठिकाणीच मी क्रीम रोल घेतो. पावसाळ्यात तर ही काळजी दुप्पट घ्यावी.

गोव्यात काय चाखावे?

गोव्यात बेकरी आपल्या दारात येते, हा मोठा फरक आहे. पोर्तुगीज भाषेतील ‘पादेइरू’ या शब्दावरून पाववाल्याला ‘पोदेर’ म्हणतात, आणि तो सकाळ-संध्याकाळ सायकलवर हॉर्न वाजवत वाड्यावाड्यांतून फिरतो. त्याच्या टोपलीत पोई आणि उंडे हे पाव आणि बांगडीच्या आकाराची कुरकुरीत कांकणे असतात. ती गोड नसली तरी चहात बुडवून खाण्यासाठी घ्यावीत. पूर्वी येथील पाव माडापासून काढलेल्या माडीने फुगवला जाई, आणि त्या पावाची चव आठवणारी वडीलधारी मंडळी अजूनही भेटतात.

गोडासाठी बोलिन्हा मागावी. नारळ आणि रवा यांचे हे छोटे बिस्किट वर चौकटीच्या रेघा ओढून भाजतात. बाहेरून ते कडक असते आणि आत नारळामुळे किंचित चिवट राहते. नारळ-रव्याचा ‘बाथ’ हा केकही घ्यावा.

बेबिंक या पदार्थावर मात्र वेळ द्यावा, कारण त्याच्यामागे तासन्‌तास खर्ची पडलेले असतात. नारळाचे दूध, अंड्यांचा बलक, साखर, मैदा, तूप आणि जायफळ यांचे पातळ मिश्रण थोडे ओतायचे, भाजू द्यायचे, त्यावर तूप सोडायचे आणि मग पुढचा थर ओतायचा. परंपरेने त्याला सात थर असतात. पारंपरिक पद्धतीत आच वरून मिळते. भांड्यावरच्या झाकणावर नारळाच्या सोडणांचे निखारे ठेवतात, त्यामुळे प्रत्येक थराचा माथा खरपूस होतो आणि कापल्यावर गडद व फिकट रेघा आलटून पालटून दिसतात. गोव्याच्या बेबिंकला 2023 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. खाताना थर सुटे करून पाहावेत. ते सहज सुटले तर भाजणी नीट झाली आहे. पणजीत फोंतेन्यश भागात जुन्या बेकऱ्या आहेत आणि डिसेंबरात नाताळच्या आधी तेथे जाणे सर्वांत चांगले, कारण वर्षभर फक्त मागणीवर होणारे पदार्थ त्या दिवसांत कपाटात मांडलेले असतात.

अंडे न खाणाऱ्यांनी काय करावे?

प्रत्येक पदार्थाबाबत स्वतंत्रपणे विचारावे. खारी, टोस्ट आणि नानकटाई यांत बहुधा अंडे नसते, पण चकाकीसाठी वरून अंड्याचा हात फिरवण्याची पद्धत काही ठिकाणी आहे. मावा केकमध्ये परंपरेने अंडे असते आणि बेबिंक तर बलकाशिवाय होतच नाही. पाकिटावर हिरवा गोल असेल तर पदार्थ शाकाहारी असतो. अंडे असलेल्या पदार्थावर तपकिरी त्रिकोणाचे चिन्ह असते. सुट्या मालावर चिन्ह नसते, म्हणून तेथे प्रश्न विचारणे हाच मार्ग उरतो. एकाच भट्टीत आणि त्याच ट्रेवर सर्व पदार्थ भाजले जातात, हे कडक नियम पाळणाऱ्यांनी लक्षात घ्यावे.

वनस्पती तुपातील पदार्थ टाळावेत का?

मी चवीसाठी टाळतो. आरोग्याच्या दृष्टीने मुख्य काळजी ट्रान्स फॅटची, म्हणजे हृदयाला अपायकारक ठरणाऱ्या चरबीची असते आणि 1 जानेवारी 2022 पासून भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने त्याची मर्यादा 2 टक्क्यांवर आणली आहे. चवीचा प्रश्न मात्र कायद्याने सुटत नाही. लोण्याचे बिस्किट महाग असते, कारण लोणी महाग असते. अर्ध्या किमतीत ‘शुद्ध लोण्याचे’ बिस्किट मिळत असेल, तर त्या पाटीवर विश्वास ठेवू नये.

लाकडाच्या भट्ट्या बंद होणार आहेत का?

मुंबईपुरते बोलायचे तर दिशा तीच आहे. जानेवारी 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हवेच्या प्रदूषणासंबंधीच्या सुनावणीत लाकूड व कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांनी सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळावे असा आदेश दिला. भट्टीसमोर रात्रभर उभे राहणाऱ्या कारागिराच्या छातीत जाणारा धूर मी पाहिला आहे, त्यामुळे या बदलाला विरोध करणे मला पटत नाही. पण जुन्या विटांच्या भट्टीची साठवलेली ऊब, तिचा उतरता ताव आणि त्यावर ठरलेला पदार्थांचा क्रम यांची नोंद व्हायला हवी असे मनापासून वाटते. भट्टी बदलताना लहान मालकांचा मोठा खर्च होतो, आणि तो पेलण्यासाठी त्यांना मदत मिळणे न्याय्य आहे.

भट्टी आत जाऊन पाहता येते का?

विनंती केल्यास कधी कधी परवानगी मिळते. रांग ओसरल्यावर विचारावे. कामाच्या घाईत, विशेषतः पाव काढताना, आत जाऊ नये, कारण लांब दांड्याचे लाकडी फावडे मागे-पुढे सरकत असते आणि वाटेत उभे राहणारा माणूस स्वतःलाही इजा करून घेतो. छायाचित्र काढण्यापूर्वी मालकाला तर विचारावेच, पण कारागिरालाही विचारावे. पुष्कळ कारागीर घरापासून दूर, भट्टीच्या वरच्या माळ्यावर राहतात. ती त्यांची राहण्याची जागाही आहे, याचे भान ठेवावे.

हे पदार्थ किती दिवस टिकतात आणि परदेशातील नातेवाइकांकडे काय न्यावे?

मावा केक एक-दोन दिवसांत संपवावा. श्रुसबेरी आणि नानकटाई हवाबंद डब्यात दोन-तीन आठवडे चांगल्या राहतात. सादळलेली खारी मंद आचेवर पाच मिनिटे गरम करून पूर्ण निवू दिली, की पुन्हा कुरकुरीत होते. परदेशी नेण्यासाठी कोरडी बिस्किटेच योग्य. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड येथे उतरताना कोणताही खाद्यपदार्थ जाहीर करावा लागतो, अन्यथा दंड होतो, म्हणून सीलबंद आणि घटकांची यादी छापलेले पाकीट घ्यावे. दोऱ्याने बांधलेला पुठ्ठ्याचा खोका तसाच बॅगेत टाकल्यास मुक्कामी पोहोचेपर्यंत आत चुरा उरतो. बिस्किटे स्टीलच्या डब्यात उभी रचून वरची मोकळी जागा कागदाने घट्ट भरावी आणि डबा कपड्यांच्या मधोमध ठेवावा.